पाणी कुठलं पिता?

गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही तुमचा रक्तदाब उतरत नसेल, तर डॉक्टर तुम्हाला काही ठरलेले प्रश्न विचारतात. मीठ किती खाता, लोणचं-पापड चालू आहे का, झोप लागते का. मीही तेच विचारत आलो. पाणी कुठलं पिता, हे मात्र बरीच वर्षं कुणालाच विचारलं नाही. माझा दवाखाना रायगडमधल्या खारेपाटाच्या कडेला आहे, त्यामुळे मला तरी ते सुचायला हवं होतं.

साठी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे यायच्या. वरचा रक्तदाब १७० च्या खाली येईना. मी दोनदा गोळ्या वाढवल्या. सुकी मासळी बंद करायला सांगितली (म्हणजे मी सांगितलं आणि त्या मान हलवून गेल्या). आकडा तिथेच. मग एकदा सोबत आलेल्या सुनेनं बोलता बोलता सांगितलं, बाहेरकाठ्याला खांड पडल्यापासून विहिरीचं पाणी मचूळ झालंय, त्यात डाळसुद्धा शिजत नाही.

बाहेरकाठा म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला तो फुटला की भातशेतीत खारं पाणी शिरतं, विहिरीही खारावतात. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. एवढ्याशानं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. पण आपले जुने बांध जुन्या भरतीच्या हिशेबानं घातलेले आहेत. अर्थात सगळं समुद्राच्या माथी मारणंही बरोबर नाही. पूर्वी गाव एकत्र येऊन बांधाची डागडुजी करायचं, आता ती मंजुरीची वाट बघत राहते.

खाऱ्या पाण्यानं शरीराचं काय होतं, याचं चांगलं मोजमाप बांगलादेशात झालं आहे, म्हणून तिकडचं सांगतो. नैर्ऋत्य किनाऱ्यावर खुलना जिल्ह्यात दाकोप नावाचा भाग आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासाचा अंदाज असा, की कोरड्या ऋतूत लोकांच्या पोटात नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम जात होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला, जेवण धरून, २ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. तिथल्या दवाखान्यात गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचं प्रमाण पावसाळ्यात सुमारे ५ टक्के होतं, कोरड्या ऋतूत १२. सगळे अभ्यास एकाच दिशेचे नाहीत, हेही खरं. थोड्या मचूळ पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, आणि असं पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब किंचित कमीही आढळला आहे. पण पाणी जिभेला खारट लागत असेल, तर त्यावर विसंबू नका.

त्याच किनाऱ्यावरचा २०१८ चा एक अभ्यास मला जास्त विचारात पाडून गेला. लाट आली की माणसं गाव सोडतात, असं आपण धरून चालतो. तिथे नुसत्या पुरानं स्थलांतरात फारसा फरक पडला नव्हता. जमिनीतला खारेपणा वाढला, तसे घरातले एकदोघं देशातच दुसरीकडे जायला लागले. पूर ओसरल्यावर शेतकरी पुन्हा पेरतो. खारावलेल्या जमिनीत पेरून काय करणार?

आमच्याकडेही ‘हवामान बदलामुळे गाव सोडलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘पोऱ्याला पनवेलला काम लागलं’ म्हणतात. मग नातवंडांच्या शाळेसाठी सून जाते. मागे उरतात ती म्हातारी माणसं, म्हणजे ज्यांच्या मूत्रपिंडांना आणि रक्तवाहिन्यांना हे पाणी सगळ्यात कमी झेपतं ती. आणि ज्यांचं बाहेर कुणीच नाही, त्यांच्यापुढे तर जायचं की राहायचं हा प्रश्नच नसतो.

त्या आजींचा मुलगाही बोलवत होता. त्यांनी मलाच विचारलं, "तुमीच सांगा डाक्टर, जाऊ का?" मुलाची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आजींचे गुडघे गेलेले. इथे सगळी ओळखीची माणसं, पण पाणी असं. मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त टँकरचंच पाणी वापरा, विहिरीचं धुण्याभांड्याला ठेवा, एवढंच सांगितलं. दीड महिन्यानं रक्तदाब १५० च्या आसपास आला. पुरेसा नाही, पण तिसऱ्यांदा गोळी वाढवावी लागली नाही.

तुमच्याकडेही पाणी मचूळ असेल, तर लक्षात ठेवा, उकळून खारेपणा जात नाही, पाणी आटल्यानं उलट वाढतो. तुरटी, क्लोरीन, साधा फिल्टर यांनीही जात नाही. आरओनं जातो. घरात कुणी गरोदर असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पाण्याचं आपणहून सांगा. गाव बदललंत, तर जुनी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पाणी बदलल्यावर डोस बदलावा लागू शकतो, पण तो तुमचा तुम्ही बदलू नका.

मे महिन्यात टँकर दोन आठवडे आलाच नाही, तेव्हा आजी मुलाकडे गेल्या. जूनमध्ये पाऊस लागल्यावर परत आल्या. पुढच्या मेचं अजून ठरलेलं नाही.