मी, बाल्कनीवाली

त्या बाबांशी मी खोटं बोलले. "पिल्लं सगळी बुक झालीत, बाबा," असं मी म्हणाले तेव्हा बुक न झालेलं एक काळं पिल्लू माझ्या चपलेचा अंगठा चावत बसलं होतं. बाबांनी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले, टोपी सारखी केली आणि माळीवाड्याला जाणाऱ्या रिक्षाकडे वळले. या गोष्टीला चार वर्षं झाली. आमच्या ग्रुपमध्ये मी ती कुणाला सांगितलेली नाही. आज लिहून टाकते.

आमचा ग्रुप म्हणजे संस्था वगैरे नाही. बँकेतली मी, कॉलेजची दोन-तीन मुलं, एक शिक्षिका, एक मेडिकलवाले दादा, आणि एका मैत्रिणीच्या सावेडीतल्या रिकाम्या प्लॉटवर मारलेली पत्र्याची शेड. गाव कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच आहे. या नगरमध्ये कुत्री सोडून देण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मार्केट यार्डाच्या मागे, बायपासला, एमआयडीसीच्या कडेला. पोत्यात पिल्लं सापडली की ती बहुधा माद्या असतात. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत विते, म्हणून मादी कुणालाच नको. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "नर आहे का?" दुसरा प्रकार जातिवंत कुत्र्यांचा. पिल्लू असताना हौसेनं आणलेला लॅब्रॅडॉर वर्षभरात तीस किलोचा होतो, सोफा फाडतो, मग एका सकाळी कुणाच्या तरी फाटकाला साखळीनं बांधलेला सापडतो.

अशा माणसांचा मला फार राग यायचा. त्या रागातूनच मी आमचा दत्तक फॉर्म तयार केला. दोन पानी. घर स्वतःचं की भाड्याचं? घरात दिवसभर कोण असतं? बाहेरगावी गेलात तर कुत्रं कुठे ठेवाल? महिन्याला किती खर्च करू शकाल? बाल्कनीला जाळी आहे का? त्या फॉर्मचा मला अभिमान होता. पुण्यातल्या एका ओळखीच्या ताईंनी तो मागून घेतला तेव्हा तर मी दोन दिवस हवेत होते.

बाबा आले ते राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवरून. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. मुलाला बियाण्याच्या दुकानात सोडून ते आमचा फ्लेक्स बघून आत आले होते. नर की मादी हे त्यांनी विचारलंच नाही. मी फॉर्म वाचून दाखवू लागले. बाल्कनीशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"बाल्कनी म्हंजी काय वो ताई?"

"गॅलरी, बाबा. घराला पुढे असते ती."

"आमच्या घराला पुढं उसाचं रान हाय," ते म्हणाले.

तिथेच माझ्या मनात नकार पक्का झाला. ऊस म्हणजे बिबट्या, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भंडारदरा धरण १९२६चं. त्याच्या पाण्यावर प्रवराकाठ हिरवा झाला. पुढे १९५०च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाचं राज्य पसरलं. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून बरं रान कुठलं? तोड सुरू झाली की फडात डोळेही न उघडलेले बछडे सापडतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४च्या सुमारास प्रसिद्ध झाला. बिबट्या जे खातो त्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळीपेक्षाही कुत्रं जास्त. हा आकडा मला तोंडपाठ होता. वस्तीवरून कुणी कुत्रं मागायला आलं की मी तो मनातल्या मनात म्हणायचे आणि "बुक झालीत" असं तोंडानं.

ती काळी पिल्ली आमच्याकडेच राहिली. काळी, गावठी, त्यात मादी. तिच्यासाठी फोन येईना. शेडमध्ये तिला लशीचा पहिला डोस झाला होता, दुसरा व्हायचा होता. मधल्या काळात कुणीतरी बायपासवरून उचललेलं एक आजारी पिल्लू शेडमध्ये आणलं. मग पार्व्हो. ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वास सांगावा लागत नाही. रक्त मिसळलेल्या जुलाबाचा उग्र वास, फिनेलनं जात नाही, तुमच्या ओढणीला दोन दिवस राहतो. तिनं दहीभाताला तोंड लावलं नाही. पुढच्या पायाची शीर इतकी बारीक की डॉक्टरांना सलाइनची सुई तीनदा टोचावी लागली. तिसऱ्या पहाटे ती गेली. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून शेड धुतली, दोन महिने एकही पिल्लू आत घेतलं नाही. मी सगळ्यांना म्हणाले, "आपण आपल्याकडून सगळं केलं." सगळं केलं नव्हतं. तिला न्यायला एक माणूस आला होता, त्याला मी परत पाठवलं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

तरीही माझं मत बदललं नाही. चूक कळणं आणि मत बदलणं यांत बरंच अंतर असतं, निदान माझ्या बाबतीत. मी स्वतःला समजावलं की वस्तीवर गेली असती तर बिबट्यानं नेली असती. इथे निदान कुशीत गेली.

मग एक लॅब्रॅडॉर परत आला. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देणाऱ्या घरातून. बंगला, अंगण, दिवसभर घरात आजी. त्याच्या वाढदिवसाचा केक कापतानाचा व्हिडिओ मी स्वतः पन्नास जणांना पाठवला होता. बदली झाली, नव्या सोसायटीत चालत नाही, असं सांगून ते लोक त्याला पट्ट्यासकट, वाडग्यासकट आणून सोडून गेले. त्या रात्री मी नोंदीची वही काढून बसले. परत आलेली कुत्री एकेक करून मोजली. जवळपास सगळी मी डोळे मिटून 'हो' म्हटलेल्या घरांतली होती. नाकारलेल्यांचं पान उघडायला गेले तर तसं पानच नव्हतं. ज्यांना नाही म्हटलं त्यांची नोंद आम्ही कधी केलीच नव्हती. म्हणजे माझा फॉर्म चांगला आहे हे मी ज्या अनुभवावरून म्हणत होते, त्यातला अर्धा अनुभव मी घेतलाच नव्हता.

बाबा पुन्हा भेटले ते त्यांच्याच भागात. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन; जगभर तो रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी एका गावच्या शाळेच्या मैदानावर लसीकरण होतं आणि आम्ही मदतीला गेलो होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यानं घरोघर, गल्लोगल्ली फिरून वर्षानुवर्षं तेच केलं, म्हणून २०२१मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. पण लस टोचायला आधी कुत्रं कुणाच्या तरी हाताखाली उभं राहावं लागतं. त्या मैदानावर कुत्री धरून कोण आलं होतं? माझ्या फॉर्मनं बाद केलेली माणसं. कुणी दाव्यानं बांधून, कुणी मोटारसायकलवर मांडीत घेऊन, एक आजी तर पदरात गुंडाळून.

रांगेत बाबा होते. सोबत पिवळट, थोराड कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. मेंढपाळ धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसा, टोकं बाहेर, म्हणजे बिबट्याला नरडं धरता येत नाही. मी मान खाली घालून नाव लिहीत होते. ते वाकून म्हणाले, "तुमीच ना त्या? बाल्कनीवाल्या?"

हसत म्हणाले. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

लसीकरण आटोपल्यावर त्यांनी वस्तीवर चहाला नेलं. कोरा, गुळाचा चहा. गोठ्याच्या भिंतीला लागून लोखंडी सळ्यांचा एक पिंजरा होता, वरून पत्रा, खाली जुनं पोतं. मला वाटलं कोंबड्यांचा असेल. "दिवस मावळला की हा आत," बाबा कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले. आधीची दोन कुत्री बिबट्यानं नेली होती, पहिलं अंगणातून, दुसरं दावणीवरून, साखळी तोडून. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी सुनेचं शिलाई मशीन ठेवायची जागा मोडून हा पिंजरा बसवून घेतला. रात्रीची लाईट असली की मुलगा दारं धरायला रानात जातो. कुत्रं पिंजऱ्यातून भुंकायला लागलं की घरातून फोन करून त्याला मोटारीच्या खोपीत थांबायला सांगतात. "राखण करायला त्याला लढावं लागत न्हाई," बाबा म्हणाले. "नुसतं सांगायचं. पुढचं आमी बघतो."

परतताना गाडीत मी गप्प होते. अकोल्याचा तो आकडा मी इतकी वर्षं नकार द्यायला वापरला होता. बाबांनी तोच आकडा, न वाचता, पिंजरा बांधायला वापरला होता. आणि बाल्कनीची जाळी? कुत्रं पडू नये म्हणून माणसानं काही केलंय का, एवढंच तर मला त्या प्रश्नातून जाणून घ्यायचं होतं. बाबांचं उत्तर होतं, पक्कं, सळ्यांचं. मला ते ऐकूच आलं नाही, कारण मी कुत्र्याचं घर तपासत नव्हते. माणूस आपल्यातला आहे का, ते तपासत होते. फॉर्म भरता येणारा, इन्स्टाग्रामवर फोटो टाकणारा, आपल्यासारखं बोलणारा. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

फॉर्म आता एका पानाचा आहे. बाल्कनी गेली, भाडं गेलं. रात्री कुत्रं कुठे झोपणार, नसबंदी करून दिली तर चालेल ना, वर्षाची लस कोण टोचून आणणार, आणि आम्ही बघायला आलो तर चहा द्याल का. वस्तीवर कुत्रं द्यायचं तर पिंजरा आधी, पिल्लू नंतर. खिळ्यांचा पट्टा आमच्याकडून.

यानं सगळं सुरळीत झालं, असं नाही. संगमनेरकडच्या एका वस्तीवर आम्ही एक मादी दिली. पिंजरा होता, पट्टा होता. घरात लग्न होतं, त्या गडबडीत रात्री ती मोकळी राहिली. सकाळी उसाच्या कडेला पट्टा सापडला. ग्रुपमध्ये दोन दिवस भांडण झालं. "तूच म्हणायचीस ना, ३९ टक्के?" असं मला माझ्याच आवाजात ऐकवलं गेलं. माझ्याजवळ बिनतोड उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच म्हणाले की बंगल्यातून परत आलेल्या कुत्र्यांवरून आपण कधी बंगले बंद केले नाहीत.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरण करून पुन्हा जागेवर सोडा म्हटलं, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून. तेव्हा बँकेत मला सगळे विचारायचे, "तुम्ही तर श्वानप्रेमी, तुमचं काय मत?" लहान मुलाला कुत्रं फाडतं तेव्हा प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला कळतं. पण निवारा हा शब्द उच्चारणाऱ्यांनी पार्व्होचा वास घेतलेला नाही, हेही कळतं. आमच्या पंधरा पिल्लांच्या शेडमध्ये काय होतं ते मी पाहिलंय. कुत्र्याला सुरक्षित ठेवते ती भिंत नसते. त्याला हात लावू शकणारा, संध्याकाळी ते दिसलं नाही तर शोधायला निघणारा माणूस असतो. तो बंगल्यात असतो, टपरीवर असतो, उसाच्या रानातही असतो. नसबंदी-लसीकरणाच्या २०२३च्या नियमांत भटक्या कुत्र्याला वस्तीतलं, समुदायाचं जनावर म्हटलंय. आपल्या गावांना हे नवीन नव्हतं. दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबासोबत कुत्रं, आणि याच जिल्ह्यात शिर्डीच्या साईबाबांची ती गोष्ट: बाईनं दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरी घातली, आणि ती भाकरी आपल्याला पोचली असं साईबाबा म्हणाले. कुत्रं कुणाच्या घरचं, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांचा पिवळा कुत्रा म्हातारपणानं गेला. पिंजऱ्यात, झोपेत. मुलानं फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी बाबा स्वतः आले, तीच पिशवी खांद्याला. शेडमध्ये तेव्हा तीन पिल्लं होती. दोन नर ठरलेले. तिसरी मादी, तपकिरी, एका कानाला जखम भरल्याची खूण. ती बाबांच्या धोतराचा सोगा ओढायला लागली.

बाबांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा अगदी साधा ठेवून विचारलं, "ही बुक झालीया का?"

म्हणजे त्या दिवशीही त्यांना कळलं होतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले आणि पट्टा आणायला आत गेले.