दोनशे पुऱ्या आणि एक पास्ता सॅलड

मे महिन्यात बडोद्याला निघालो की इंदूरचे शेजारी हमखास विचारतात, "आत्ता? या उन्हात?" त्यांचं काही चुकत नाही. आमच्या माळव्यात दिवस कितीही तापला तरी रात्री वारा सुटतो. बडोद्यात ४२-४३ अंशांचा दिवस मावळला तरी भिंती रात्री बारापर्यंत हाताला गरम लागतात. तरी आम्ही जातो. आजोळ तिथं आहे, आणि आजोळची सगळी मंडळी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच जमतात. हा वार कुणी ठरवला ते आता कुणालाच आठवत नाही.

घर दांडिया बाजारात, जुनं, दोन मजली. लाकडी जिना, खाली हिंचका, वर अगाशी. सयाजीरावांच्या काळात, म्हणजे १८७५ ते १९३९ या लांबलचक कारकिर्दीत जी मराठी घरं नोकरीसाठी बडोद्यात आली, त्यांतलंच हे एक. इतक्या वर्षांत घरातली मराठी चांगलीच मुरली आहे. मामेभावंडं बटाट्याला 'बटाका' म्हणतात आणि हातगाडीला 'लारी'. आम्ही इंदूरकर तिला 'ठेला' म्हणतो. पुण्याची मावशी दोघांकडेही सारख्याच करुणेनं बघते.

तर त्या रविवारचं जेवण ठरलेलं असायचं : आमरस-पुरी. सोबत बटाट्याची सुकी भाजी, वाल, काकडीची कोशिंबीर, ढोकळा. रस आदल्या दिवशीच काढून फ्रीजमध्ये. पुऱ्या मात्र गरमच हव्यात, नाहीतर मामाचं तोंड वाकडं. पंचवीस माणसं, दोन पंगती, आणि कढईसमोर मामी.

यंदा मार्चमध्ये मामीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागली होती, पण फार वेळ उभं राहायची परवानगी नव्हती. फॅमिली ग्रुपवर चर्चा सुरू झाली. मामा म्हणाला, केटररला सांगू. मामी म्हणाली, बाहेरचंच खायचं तर घरी कशाला जमायचं, मी स्टुलावर बसून तळीन. तेव्हा मामेबहिणीनं एक हिशोब टाकला : माणशी आठ पुऱ्या धरल्या तर पंचवीस माणसांच्या दोनशे. लाटणं वेगळं. दोन-अडीच तास कढईजवळ, मे महिन्यात, पंखा बंद करून, कारण पंख्यानं गॅस फडफडतो.

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. माझ्याच मनात आलं, की मामी रविवारी जेवायची कधी? आठवून पाहिलं. तीनच्या सुमारास, स्वयंपाकघरात, उरलेल्या निवलेल्या पुऱ्या घेऊन. आम्ही तोवर अगाशीखालच्या खोलीत कूलरसमोर लोळत असायचो. हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण हिशोब कधी केला नव्हता.

पास्ता सॅलडची कल्पना मामेबहिणीचीच. ती शिक्षणासाठी तीन वर्षं अमेरिकेत होती. तिकडे उन्हाळ्यात, विशेषतः ४ जुलैच्या सुट्टीला, बागेत शेगडीवर काहीतरी भाजत असतात आणि बाजूच्या टेबलावर मोठ्या वाडग्यात मॅकरोनीचं नाहीतर पास्त्याचं थंड, मलईदार सॅलड ठेवलेलं असतं. प्रत्येक घराचं वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं. तिला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती : ते आदल्या रात्री करून ठेवतात. जेवणाच्या वेळी चुलीपाशी कुणीच नसतं.

मामाला हे अर्थातच पटलं नाही. "रसाबरोबर पास्ता?" असं त्यानं तीन वेगवेगळ्या सुरांत विचारलं. मामीची शंका निराळी होती. मेयोनीज म्हणजे अंडं, आणि तिच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. बिनअंड्याचं मेयोनीज आता गुजरातेत कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, हे तिला दाखवलं. चमचाभर चाखून ती म्हणाली, "बरं आहे. पण नुसतं तेल खाल्ल्यासारखं लागतं. चक्का घाला."

त्या एका शब्दावर पुढचं सगळं ठरलं. श्रीखंडाच्या निमित्तानं चक्का बांधणं या घराला नवीन नाही. गुजराती शेजारी त्यालाच 'मस्को' म्हणतात. फक्त मे महिन्यात दह्याचं गाठोडं खुंटीला टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण होतं, म्हणून मामीनं ते चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन, फ्रीजमध्ये ठेवायला लावलं. तीन लिटर सायीच्या दुधाच्या दह्याचा रात्रभरात किलोभर चक्का निघाला. खालचं पाणी फेकू दिलं नाही. त्यात थेपल्यांची कणीक भिजवली.

गुरुवारी रात्री आम्ही पाव किलो पास्त्याची रंगीत तालीम केली. मळसूत्रासारखा पीळ असलेला पास्ता घेतला, कारण त्याच्या खाचांत चक्का धरून राहतो. उकडला, निथळला, सगळं एकदम कालवलं, आणि मऊमऊ, चकचकीत झालेलं बघून खूश होऊन झोपलो. सकाळी झाकण काढलं तर पातेल्यात एक ढेकूळ. पास्त्यानं रात्रभरात सगळा चक्का पिऊन टाकला होता. वरून पास्ता चिवट, काकडीला सुटलेलं पाणी तळाशी. मामेभावानं फोटो काढून ग्रुपवर टाकायची धमकी दिली.

मामी कॉट धरून उठली, खुर्चीत बसली आणि पातेलं मांडीवर घेतलं. चमच्यानं जरा हलवून म्हणाली, "अगं, हा दहीभात झालाय."

म्हणजे काय, ते आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. प्रवासाचा दहीभात करताना दही नावाला आणि दूध जास्त घालतात, का? तर भात पुढे ओल पीत राहतो आणि दही आंबत राहतं. खायच्या वेळी बरोबर व्हायला हवा, तर करताना तो सैलच असायला हवा. "तुम्ही करतानाच बरोबर केलात," ती म्हणाली. काकडीचं तर तिला हसूच आलं. कोशिंबिरीची काकडी मीठ लावून पिळत नाही का आपण? इथं काय ती परदेशी झाली?

चिवटपणाचं कारण मामेबहिणीला सापडलं. पाकिटावर लिहिलेली वेळ गरम खायच्या पास्त्याची असते, जरा दाताखाली लागेल असा. थंड झाला की तो आणखी कडक होतो, फ्रीजमधल्या भाताचं होतं तसंच. म्हणून सॅलडसाठी दीड-दोन मिनिटं जास्त उकडायचा. गरम पास्ता करताना तो धुवायचा नसतो, पण इथं उलट : लगेच गार पाण्याखाली धरायचा, म्हणजे शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च निघून जातो. मग चांगला निथळून चमचाभर तेलाचा हात.

शनिवारी सकाळी भाजीसाठी आम्ही दोघी खंडेराव मार्केटला गेलो. पाहिलं नसेल तर बडोद्याला गेल्यावर जरूर पाहा. बाहेरून राजवाडा वाटावा अशी कमानी-मनोऱ्यांची सयाजीरावांच्या काळातली इमारत, आणि भोवती दुधी, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या. साडेसातलाच ऊन टोचत होतं. भाजीवाल्या काकूंनी "शुं बनावो छो, बेन?" विचारलं. बहिणीनं पास्ता म्हटल्यावर त्यांनी न विचारता मक्याची कणसं पुढे केली. त्यांची नातही तेच मागते म्हणे. आम्ही कोवळ्या काकड्या, सिमला मिरच्या, गाजरं, पातीचा कांदा घेतला. निघता निघता बहिणीनं दोन कैऱ्या उचलल्या. चक्का आहे म्हटल्यावर व्हिनेगर घालायचं तिच्या जिवावर आलं होतं.

रात्री खरा घाट. एक किलो पास्ता, दोन भागांत, प्रत्येक भागाला पाच लिटर पाणी आणि लिटरमागे दीड-दोन चमचे मीठ. नंतर वरून घातलेलं मीठ आतपर्यंत जात नाही, म्हणून पाण्यातच पुरेसं हवं. मामी खुर्चीत बसून राहिली आणि एकेक काम स्वतःकडे ओढत गेली. काकडीच्या बिया काढून, मीठ लावून, पंचात पिळली तिनंच. मग म्हणाली, "मोहरी फेसायला कोण येतंय?"

आमच्याकडे पाश्चात्त्य मस्टर्डची बाटली होती. ती तिनं बाजूला सरकवली. दोन चमचे मोहरीची पूड, थोडं गार पाणी, आणि फेसणं. गरम पाण्यात मोहरीचा झणका चढत नाही, आणि आधीच आंबट घातलं तरी तो पुरता येत नाही. गार पाण्यात फेसून दहा मिनिटं ठेवली, नाकात गेली तेव्हा मामी म्हणाली, आता घाला. किलोभर चक्का, पाव किलो मेयोनीज, फेसलेली मोहरी, दोन चमचे साखर, मिरपूड, मीठ, किसलेली कैरी. सगळं रवीनं घुसळलं. दोन तृतीयांश पास्त्यात कालवलं, एक तृतीयांश वेगळं झाकून ठेवलं. उकडलेला मका, गाजर आणि पिळलेली काकडी रात्रीच आत गेली. सिमला मिरची आणि कांद्याची पात सकाळसाठी राखली. सकाळी उरलेल्या मिश्रणात पेलाभर गार दूध घालून सैल केलं आणि वर ओतलं. पास्ता पुन्हा चकचकीत झाला, आणि मामेभावाचा फोन खिशातच राहिला.

एक भीती उरली होती. उन्हाळ्यात असलं सॅलड बिघडलं की सगळे मेयोनीजला नावं ठेवतात. बाटलीतलं मेयोनीज तसं आंबट असतं, ते सहसा दगा देत नाही. खरा धोका शिजलेल्या पास्त्याला आणि चिरलेल्या भाज्यांना असतो. अमेरिकेत नियम सांगतात, फ्रीजबाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आमच्याकडे ४३! मामानं, जो आतापर्यंत फक्त टोमणे मारत होता, माळ्यावरून आइस्क्रीमच्या जुन्या संच्याची लाकडी बादली काढली. त्यात बर्फ, बर्फात पातेलं. मीठ घालायला तो निघालाच होता, सवयीनं. बहिणीनं हात धरला : मिठानं बर्फ शून्याच्याही खाली जातो, आपल्याला आइस्क्रीम करायचं नाहीये. अर्धं सॅलड तरीही फ्रीजमध्येच ठेवलं आणि दुसऱ्या वाढीला काढलं.

एक वाजता पानं मांडली. या वर्षी एकच पंगत, कारण वाढण्यासाठी थांबायचं काही नव्हतं. गार रस वाट्यांत, थेपले, ढोकळा, आणि मधोमध बादलीतलं पातेलं. मुलांनी सॅलडवर उड्या मारल्या, ते अपेक्षितच होतं. पुण्याच्या मावशीनं "म्हणजे ही कोशिंबीरच की" असा निकाल दिला आणि तीन वेळा घेतली. मामानं आधी रस संपवला. मग कुणी बघत नाही असं पाहून चमचाभर वाढून घेतलं, मग दोन चमचे. पुऱ्या नसल्याचं दुःख त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि खरं सांगू, ते मलाही होतं. थेपल्याबरोबर रस ही तडजोडच आहे. पास्ता सॅलड आमरस-पुरीच्या तोडीचं आहे असं मी इथं लिहिलं तर बडोद्याचे वाचक मला गावात येऊ देणार नाहीत.

मामी माझ्या शेजारी बसली होती, ऑपरेशनचा पाय सरळ ठेवून, खुर्चीत. जेवता जेवता तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता.

"या वेळेला माझा चौथा घाणा असतो," ती म्हणाली. मग ताट पुढे करून म्हणाली, "थोडं वाढ. कैरी पुढच्या वर्षी जरा कमी घालायची."

जेवणं झाल्यावर पातेली मामानं आणि मामेभावानं घासली. हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मामेभावानं बर्फाचं पाणी मोरीत ओतायच्या ऐवजी अंगणात एकमेकांवर ओतायला सुरुवात केली, आणि पुढचा तास त्यातच गेला.

मी रात्रीच्या गाडीनं निघाले. उरलेलं सॅलड डब्यात भरून द्या म्हटलं, तर मामीनं साफ नकार दिला. गाडीत फ्रीज आहे का? तिनं स्टीलचा छोटा डबा हातात दिला. झाकण उघडून बघितलं तर दहीभात, चांगला सैल, पळीनं वाढता येईल असा.

"दूधच जास्त आहे," ती म्हणाली. "दाहोद यायच्या आत खाऊन घे."