परदेशातील अळंबी

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ओळखावयास आमच्या खानापूरकडील मुलांस कोणी शिकवावे लागत नाही. टोपीच्या मध्यभागी टोक, आणि उपटू गेले असता दांडा मुळासारखा खोल वारुळात गेलेला, एवढी खूण त्यांस पुरते. परंतु हे ज्ञान त्या मातीचे आहे. परमुलखात ते उपयोगी पडत नाही.

हे लिहावयाचे कारण असे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. नाताळानंतर ऐन थंडीत, वठलेल्या एल्म वृक्षाच्या खोडावर नारिंगी अळंब्यांचा घोस पाहून त्याने आईस छायाचित्र पाठविले. माउलीने ‘खा’ म्हणून कळविले आणि मग, सुदैवाने, ते आम्हांसही दाखविले.

तेथे हिवाळ्यात ‘व्हेल्वेट शँक’ नावाची खाण्याजोगी अळंबी उगवते खरी. गोठली तरी ती मरत नाही. बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागते. टोपी बुळबुळीत, पिवळसर नारिंगी. दांडा खालच्या अंगास काळपट व मखमलीसारखा. त्यावर कडे नसते. मात्र कुजक्या लाकडावर ‘फ्युनरल बेल’ ही तपकिरी अळंबीही येते, आणि ती प्राणघातक आहे. तिच्या दांड्यावर कडे असते; पण ते गळूनही पडते, तेव्हा त्यावर विसंबू नये. टोपी कापून रात्रभर काचेवर ठेवावी, खालची पाती काचेस लागतील अशी, आणि वर वाडगा झाकावा. सकाळी बीजाणूंची पूड पडलेली दिसते. गंजासारखी तपकिरी असली तर ती अळंबी टाकूनच द्यावी. पांढरी असली तरी तेवढ्याने निर्धास्त होऊ नये, कारण पांढऱ्या पुडीच्या विषारी जातीही आहेत. सर्व खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

लसूण टाकून किंवा चांदीचे नाणे बुडवून पाहण्यात काडीचाही अर्थ नाही. हे विष शिजविल्यानेही जात नाही. खाल्ल्यानंतर बहुधा ६ ते २४ तास काहीच होत नाही. मग ओकाऱ्या व ढाळ सुरू होतात. पुढे दिवसभर बरे वाटते, आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत असते. रोगी उठून बसला म्हणून त्यास इस्पितळातून घरी आणणे यासारखा घात नाही.

तेथील जाणकाराने हातात घेऊन पाहिल्यावाचून तोंडात घालू नये, असे आम्ही त्या तरुणास कळविले. हौसच असेल तर दुकानातील एनोकी शिजवून खावी; ती याच कुळीची, पण अंधारात वाढविल्यामुळे पांढरी व दोऱ्यासारखी लांब असते. हल्ली तो तीच खातो. दोऱ्यांच्या भाजीस अळंबी कोण म्हणेल, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे.