स्टेशन नव्हे, सर्व्हे नंबर

संपादकांनी विषय दिला तो असा: मुंबईत घर घेणं ज्यांना झेपत नाही, त्यांनी आसपास कुठं घ्यावं? बदलापूर की पनवेल, विरार की टिटवाळा? एका वकिलाचं मत हवं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर हाच प्रश्न मला कल्याणच्या ऑफिसात रोज ऐकू येतो. फरक इतकाच की तिथं येणाऱ्यांच्या हातात टोकनची पावती आधीच असते. मुहूर्त साधलेला असतो, सॅम्पल फ्लॅट बघून झालेला असतो, हॉलला कुठला रंग द्यायचा यावर घरात चर्चाही झालेली असते. 'मॅडम, तेवढा सर्च काढून द्या, म्हणजे बँकेचं काम होईल.' सर्च हा बँकेसाठी भरायचा एक कागद आहे, ही समजूत माझ्या पेशातली सगळ्यात महागडी समजूत आहे.

बदलापूर चांगलं की वाईट, याला माझ्या विषयात उत्तर नाही. बदलापुरात स्वच्छ मालकीच्या जमिनी आहेत, आणि रस्ता ओलांडला की तीन पिढ्यांची भांडणं पोटात घेऊन बसलेल्याही आहेत. दोन्हींवर सारख्याच इमारती उभ्या राहतात, दोन्हींच्या गेटवर सारखंच कारंजं असतं. माणसं स्टेशन निवडतात. मी त्यांना सर्व्हे नंबर निवडा म्हणते, आणि तो शब्द ऐकताच समोरच्याचं लक्ष उडालेलं मला दिसतं.

घर स्वस्त असेल तर ते का स्वस्त आहे, हे आधी शोधावं. कधी अंतरामुळं असतं, कधी पाण्यामुळं, कधी नदीमुळं आणि कधी सातबारामुळं. पहिली तीन कारणं डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात सांगते. कल्याणला मध्य रेल्वे फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. बदलापूर कल्याणहून जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर, पण त्या मार्गावर लोकल, पुण्याकडच्या मेल गाड्या आणि मालगाड्या एकाच जोडमार्गावरून जातात. त्यामुळं गाड्या कमी आणि हाल जास्त. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण ही कामं मंजूर झाली, हातात घेतली गेली, हे खरं. जाहिरातीत मात्र ती कधीच पुरी झालेली असतात. घर घ्यावं ते आज धावणाऱ्या गाडीच्या वेळापत्रकावर. पाणी बघायला मे महिन्यात जावं आणि शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, आठवड्याला टँकर किती येतात. आणि नदीजवळ घेत असाल तर पूररेषेचा नकाशा मागावा. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या पट्ट्यात 'रिव्हर व्ह्यू' ज्याला हवा आहे, त्यानं हा नकाशा पाहिल्याशिवाय सही करू नये.

चौथं कारण दिसत नाही. ते झाकायला तीन दाखले पुढं केले जातात: रजिस्ट्रेशन झालंय, बँकेनं कर्ज दिलंय, रेराचा नंबर आहे. घरपट्टीची पावती हा चौथा. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. महापालिका कायद्याच्या कलम 267-अ नुसार अशा बांधकामाला दुप्पट शास्तीही लावता येते, म्हणजे पावती हा इमारत अनधिकृत असल्याचाच पुरावा ठरू शकतो. रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर दुय्यम निबंधक दस्ताची नोंद घेतो, विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी हे ठरवणं त्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं. बँक स्वतःच्या कर्जाची काळजी घेते, आणि तिच्यापाशी तुमचा पगार तारण असतो. रेराचं दुःख तर ताजं आहे. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले गेले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायला सांगितलं. त्यांत राहणाऱ्यांनी नंबर तपासला होता, तो संकेतस्थळावर दिसतही होता. आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित जागेवरच्या 41 इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या बायका टीव्हीवर एकच सांगत होत्या: आम्ही फसवून घेतलं नाही, पैसे मोजून घेतलं. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. विकास आराखड्याचा उतारा मागवला असता तर आरक्षण त्यावर दिसलं असतं, पण तो मागवायचा असतो हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

आता ज्या मुद्द्यावरून माझे समव्यावसायिकांशी वाद होतात, तो सांगते. बँकेच्या पॅनेलवरचे वकील 30 वर्षांचा सर्च देतात. म्हणजे निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक 2 मधल्या 30 वर्षांच्या नोंदी चाळायच्या, त्यात गहाण, विक्री, दावा काही आडवं येत नाही ना ते बघायचं, आणि मालकी निर्वेध व विक्रीयोग्य असल्याचा दाखला द्यायचा. हा आकडा मुदतीच्या कायद्याशी जोडलेला आहे, गहाण सोडवून घेण्याची मुदत 30 वर्षं. गहाण हीच मोठी भीती असेल तिथं तो पुरतो. पण आजपासून 30 वर्षं मागं गेलं की आपण 1995 च्या आसपास पोचतो. ठाणे, पालघर, रायगडच्या जमिनींना नडणाऱ्या तारखा सगळ्या त्याच्या आधीच्या आहेत. मग तो सर्च कशाचा?

पहिली तारीख 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कुळकायद्यानं त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पुढं कलम 32-ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर 32-म चा दाखला मिळाला, आणि कलम 43 ची अट सातबारावर चढली: परवानगीशिवाय विकायची नाही. 2014 मध्ये दुरुस्ती झाली. दाखल्याला 10 वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरून विकता येतं. रक्कम अगदी किरकोळ. तरी ती न भरता झालेले व्यवहार आणि 2014 च्या आधी परवानगी न घेता झालेले व्यवहार माझ्यापुढं सतत येतात, आणि त्यांच्यावर सात-सात मजले चढलेले असतात.

दुसरी तारीख 30 ऑगस्ट 1975, खाजगी वने संपादन कायद्याची. त्या दिवशी खाजगी वनं सरकारजमा झाली. ज्या जमिनींना 1927 च्या वन कायद्याच्या कलम 35(3) खाली कधीकाळी नोटीस निघाली होती, त्याही वनच, असं सरकार म्हणू लागलं. मुलुंडमध्ये इमारती उभ्या राहून कित्येक वर्षं झाल्यावर हे उपटलं आणि फ्लॅट विकणंही अडलं. 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोटीस नुसती निघून चालत नाही, ती बजावली गेली पाहिजे. पेपरात बातमी आली, 'रहिवाशांना दिलासा'. लोकांना वाटलं, प्रश्न मिटला. पण प्रत्येक सर्व्हे नंबरची नोटीस वेगळी, तिची पोच वेगळी. बदलापूर-कर्जतच्या डोंगरपायथ्याला कुणी बंगल्याचे प्लॉट दाखवत असेल तर वनखात्याकडची नोंद पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.

तिसरी 6 जुलै 1974. जमीन महसूल संहितेतलं कलम 36-अ त्या दिवसापासून लागू आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना देता येत नाही. त्याआधी, 1 एप्रिल 1957 पासून झालेल्या हस्तांतरणांसाठी जमिनी परत करण्याचा वेगळा कायदा आहे. ठाकर आणि कातकरी वाड्या या सगळ्या पट्ट्यात आहेत. बिल्डरांच्या भाषेत असली नोंद म्हणजे 'डाग'. मी तो शब्द वापरत नाही. हातउसन्या पैशात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी हा कायदा झाला, आणि तो असायलाच हवा.

याच तारखेशी जोडलेलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. नवरा दादरला एका दुकानात हिशेब लिहिणारा, बायको नर्स, दिव्यात भाड्यानं राहणारे. बदलापूरच्या पुढं दोन खोल्यांचा फ्लॅट, दर आजूबाजूपेक्षा बराच कमी, कर्ज मंजूर, 30 वर्षांचा सर्च स्वच्छ. मोबाइलवर डाउनलोड केलेला सातबाराही स्वच्छ. संगणकावरचा सातबारा आजची नावं दाखवतो. हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर मात्र गेलेल्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मी जुना उतारा काढला. कंसात एका ठाकराचं नाव. वर्तुळातल्या क्रमांकाचा फेरफार 1979 सालचा, खरेदीखतानं नाव कमी केल्याचा. परवानगी असती तर तिचा क्रमांक आणि तारीख त्या फेरफारात यायला हवी होती. तिथं तलाठ्याची सही आणि मंडळ अधिकाऱ्याचा 'मंजूर' शेरा, बाकी काही नाही. परवानगीचा आदेश वरच्या कार्यालयांतही मागितला. मिळून येत नाही, असं लेखी उत्तर आलं.

मिळून येत नाही म्हणजे दिलीच नव्हती, असं ठामपणे म्हणता येत नाही. सरकारी दफ्तरातले कागद पावसानं जातात, वाळवीनं जातात, कार्यालय हलताना जातात. पण पुरावा नसताना आहे असं धरून मत देणं हे माझं काम नाही. मी लिहून दिलं: घेऊ नये. त्यांनी ऐकलं.

ती इमारत आज पूर्ण भरलेली आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, सोसायटी झाली, कुणीही दावा लावलेला नाही. तिथले दर आता त्या दोघांच्या आवाक्याबाहेर गेलेत आणि ते अजून दिव्यातच आहेत. मध्यंतरी बाई भावाच्या घराचे कागद घेऊन आल्या. रागानं नव्हे, सहज म्हणाल्या, 'मॅडम, तेव्हा घेतलं असतं तर आता निम्मं कर्ज फिटलं असतं.' मला उत्तर सुचलं नाही. कायद्यानं माझं मत तेच होतं आणि आजही तेच राहील. पण माझ्या 'नको'चं भाडं दरमहा त्या भरतात, हे मला विसरता येत नाही. उद्या त्या ठाकराच्या नातवानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला तर माझं मत खरं ठरेल, आणि ते तसं खरं ठरावं अशी इच्छा मी धरू शकत नाही. त्या इमारतीत आता लहान मुलं आहेत. नातवाचा हक्क नाकारावा असंही मला म्हणवत नाही.

सदोष मालकीसाठी रेरा कायद्याचं कलम 18(2) आहे, हे इथं सांगायला हवं. जमिनीच्या मालकीत दोष निघाला तर बिल्डरनं नुकसानभरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही. चांगली तरतूद आहे. मात्र अनेक बिल्डर प्रत्येक प्रकल्पाला वेगळी कंपनी काढतात आणि काम संपलं की ती रिकामी होते. कलम 16 मध्ये मालकीचा विमा काढण्याची तरतूद आहे. तो विमा सर्रास निघू लागला तर माझ्यासारख्यांवर 'हो की नको' सांगायचं ओझं इतकं राहणार नाही. यासाठी ग्राहक संघटनांनी आग्रह धरावा, असं मला मनापासून वाटतं.

संपादकांना नाव हवंच आहे, तर सांगते. माझ्याकडे मोजकेच पैसे असते तर मी लांबच्या नव्या टॉवरपेक्षा कल्याण, अंबरनाथ किंवा वसईतल्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट बघितला असता, जिच्याकडे भोगवटा प्रमाणपत्र आहे आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालेली आहे. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, तरी कित्येक सोसायट्या अर्जच करत नाहीत. लिफ्ट नसेल, खोल्या लहान असतील, 30 वर्षं उलटली असतील तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल बघावा लागेल. पण जमीन कुणाची, या प्रश्नाला तिथं उत्तर असतं, आणि पुनर्विकासाची वेळ आली तर सगळं त्या उत्तरावरच ठरतं.

वांगणी-नेरळ किंवा सफाळे-पालघरच्या बाजूला नवंच घ्यायचं असेल तर 1957 पासूनचे सगळे फेरफार काढायला सांगा, हस्तलिखित सातबारासकट. इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. त्यात 'कु.का. कलम 43', '36-अ', 'राखीव वन' यांतलं काही दिसलं तर त्याची परवानगी किंवा आदेश कागदावर मागा. या कामाला महिना-दीड महिना लागतो. तेवढं थांबायला विक्रेता तयार नसेल तर दुसरा विक्रेता बघा.