आठ दिवसांत येतो

आमच्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर मॉरिशसचा एक मुलगा राहतो. स्कॉलरशिपवर मेकॅनिकलला आलाय. आल्या आल्याच कुणीतरी त्याचं बारसं करून टाकलं – मॉरिशसकर! त्यालाही ते आवडलं. घरी क्रिओल, कॉलेजात इंग्लिश आणि मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे हा गडी बादली घेऊन निघाला की 'मी स्नान करून येतो' म्हणायचा आणि अख्खा पॅसेज हसायचा.

त्याचा सूड तो आमच्या इंग्लिशवर उगवायचा. आपण सगळे 'टुडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाईट' म्हणतो. तो म्हणायचा, 'धिस मॉर्निंग' म्हणा, 'लास्ट नाईट' म्हणा. मग आम्ही त्याला 'परवा'त अडकवायचो. परवा गेलेला की परवा येणारा? तो वैतागायचा, "एकच शब्द दोन्हीकडे कसा चालतो तुमचा?" 'दीड' मात्र त्याला फार आवडला. कारण आपलं घड्याळ त्यांच्या दीड तास पुढे आहे, आणि आईचा फोन आला की हा आकडा रोज लागतो.

हे सगळं टाइमपास म्हणून चाललं होतं. एका रात्री मेसवरून आल्यावर त्याने बॅगेतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक कागद काढला. मॉरिशसमध्ये मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. मजूर म्हणून गेलेल्या आपल्या लोकांची जुनी रजिस्टरं तिथे ठेवलेली आहेत. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं करारावर तिथे उसाच्या मळ्यांवर गेली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्या पाच लाखांतल्या एकाची ही नोंद. नंबर, नाव, बापाचं नाव, वय २२, उंची, बंदर मुंबई, साल १८६४. मॉरिशसकरचं आडनाव म्हणजे या माणसाचं पाळण्यातलं नाव. तिथे अशी पुष्कळ आडनावं झाली म्हणे. साहेबाने नाव विचारलं, याने स्वतःचं सांगितलं, आणि तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांना चिकटलं.

जिल्ह्याच्या रकान्यात इंग्लिशमध्ये जे लिहिलं होतं ते वाचलं तर 'रटनाघेरी' होत होतं. मी उडालोच. रत्नागिरी! माझं आजोळ खेड तालुक्यातलं. गावाचं नावही ओळखू येत होतं. पण त्या नावाची दोन गावं निघाली – एक आजोळाच्या शेजारी आणि दुसरं पार सिंधुदुर्गात. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. १८६४ च्या कारकुनाला दोन्ही रटनाघेरीच. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. भावकीत आधीच पुरेसे वाद आहेत.)

गाव ठरलं ते कास्ट व्हॅलिडिटीमुळे. हसू नका. आपल्यापैकी निम्म्यांनी त्या सर्टिफिकेटसाठी आजोबांचे दाखले आणि कोतवाल बुकातल्या नोंदी शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. शेजारच्या गावातल्या एका घरानेही नातवाच्या व्हॅलिडिटीसाठी वंशावळ लिहून काढली होती. मामाने तिचा फोटो पाठवला. सगळ्यात वरचं नाव आणि मॉरिशसच्या कागदावरचं बापाचं नाव, दोन्ही एकच! मामा म्हणाला, त्या घरात नव्वदीची आजी आहे, तिला जुनं सगळं पाठ आहे. सध्या मुंबईला लेकाकडे आहे, शिमग्याला गावी येईल.

आता माझा पराक्रम. परीक्षा संपल्यावर मी आजोळी गेलो. सोमवारी मॉरिशसकरला मेसेज केला – इंग्लिशमध्ये, कारण मराठीत घोळ नको! – 'कम नेक्स्ट फ्रायडे'. माझ्या डोक्यात होतं 'पुढच्या शुक्रवारी', म्हणजे हा शुक्रवार सोडून त्यापुढचा. आजी आधीच्या बुधवारी येणार होती. त्याने वाचलं ते 'येत्या शुक्रवारी'. खुद्द इंग्रजही या 'नेक्स्ट'वरून भांडतात हे मला नंतर कळलं, पण त्याचा उपयोग काय?

त्या शुक्रवारी पहाटे पठ्ठ्या रात्रीच्या गाडीने खेडला उतरला. मी चिपळूणला लग्नात, मोबाईलला रेंज नाही. हा एसटी बदलत, विचारत विचारत गावात पोचला. घराला कुलूप. दिवसभर देवळाच्या पायरीवर बसून राहिला. कुणीतरी चहा दिला, कुणीतरी जेवायला बोलावलं. कुठले म्हणून विचारल्यावर त्याने 'इथलाच' असं सांगितलं आणि लोकांनी एकमेकांकडे बघितलं. सोमवारी त्याचा प्रोजेक्ट रिव्ह्यू होता. रात्रीच्या गाडीने परत गेला. मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी मी एकटाच गेलो. आजी पडवीत बसली होती. मोबाईल समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. तिने आजेसासूकडून ऐकलेलं ते असं – तिच्या नवऱ्याच्या पणजोबांचा धाकटा भाऊ भात झोडून झाल्यावर मुंबईला गेला. जाताना म्हणाला, "आठ दिवसांत येतो." आलाच नाही. ना निरोप, ना चिठ्ठी. बारा वर्षं वाट पाहिली. मग भटजींना विचारून दर्भाचा पुतळा केला आणि त्याचं क्रियाकर्म उरकलं. तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येला त्या घरात त्याच्या नावाचं एक पान निघतं. आजीने नाव सांगितलं. आपल्या मॉरिशसकरचं आडनाव!

होस्टेलवर परत आल्यावर रेकॉर्डिंग लावलं. आजीची बोली त्याला झेपेना, मी वाक्यावाक्याला थांबवून सांगत होतो. तो 'आठ दिवसांत' इथे अडला. "आठ का? आठवडा तर सातचा ना?" मी म्हटलं, आपण आठच म्हणतो, आणि आठ म्हणजे मोजून आठ असंही नाही. लवकर येतो, एवढंच. तो म्हणाला, फ्रेंचमध्येही आठवड्याला आठ दिवस म्हणतात. मग गप्प झाला. करार वर्षांचा असायचा, आणि मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जायची. 'डबल कट' म्हणायचे त्याला.

थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप उघडला. तिथल्या जन्मनोंदणीतला आणखी एक कागद त्याच्याकडे होता, खापरपणजोबांच्या जन्माचा. साल १८७६. त्याने बोटांवर मोजलं, मीही मोजलं. चौसष्ट आणि बारा. इकडे ज्या सुमारास दर्भाचा पुतळा जळत होता, त्या सुमारास तिकडे त्या माणसाला मुलगा झाला होता.

मेसची दुसरी घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही.

मेमध्ये दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं. त्याची व्हिसाची कागदपत्रं अडकली, मग माझी व्हायवा आली. आपण म्हणालो, पावसाळ्यानंतर जाऊ. आषाढात मामाचा फोन आला, आजी गेली. रेकॉर्डिंग एक तास चार मिनिटांचं आहे, ते मी तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलंय.

परवा (गेलेल्या!) मी त्याला विचारलं, तो माणूस तिकडे जिवंत होता हे आता घरच्यांना कळलंय, मग त्याचं पान बंद करायला सांगू का? तो विचार करून म्हणाला, "नको. नंतर तरी वारलेच ना ते." यंदा सर्वपित्रीला त्याला त्या घरी जायचंय. आजीच्या सुनेने बोलावलंय. कधी यायचं ते कळव म्हणाला. मी कॅलेंडर काढलं, मेसेजमध्ये वार लिहिलाच नाही. फक्त तारीख, महिना, साल आणि गाडीचा नंबर टाकला.