हमी आणि सक्ती

धुळे

चि. भाच्यास,

समाजवाद आला की माणसाची कामाची उमेद जाते आणि पाठोपाठ त्याचे स्वातंत्र्यही जाते, हे तुझ्या पत्रातले विधान जळगावच्या वक्तृत्वस्पर्धेत टाळ्या घेईल. परंतु खानदेशाने ते कापसावर तीस वर्षे तपासून पाहिले असल्यामुळे त्याचा निकाल इतका सरळ लागत नाही. समाजवाद म्हणजे उत्पादनाची साधने आणि व्यापार खासगी नफ्यासाठी न चालता समाजाच्या हितासाठी चालावेत असा आग्रह. हा आग्रह या भागात विचारांच्या पातळीवरही पोचला होता. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला भरलेल्या, खेड्यातल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी आपली समाजवादी निष्ठा लपवली नाही. त्याच मांडवात मानवेंद्रनाथ रॉय होते, ज्यांनी पुढे पक्षसत्ता व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मारक ठरते या विचाराने 1948 मध्ये स्वतःचाच पक्ष विसर्जित केला. रॉय यांच्या विचारांशी जोडले गेलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, एवढे नोंदवून विचारांची बाजू इथेच सोडलेली बरी, कारण शेतकऱ्याला समाजवाद भेटला तो कापूस खरेदी केंद्रावर.

महाराष्ट्राने 1971 साली कायदा करून 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. एकाधिकार म्हणजे राज्यात पिकलेला कापूस एकाच सरकारमान्य यंत्रणेने घ्यायचा आणि शेतकऱ्याने तो तिलाच द्यायचा. त्यामागचे कारण खोटे नव्हते. सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून पेरणीलाच उचल घेतलेला शेतकरी दिवाळीच्या तोंडावर त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच काट्यावर आणि त्याच्याच भावाने माल घालत असे, आणि या व्यवहाराला बाजारस्वातंत्र्य म्हणणे ही थट्टाच होती. योजनेने दोन गोष्टी दिल्या: एक हमीभाव, म्हणजे बाजार कितीही पडला तरी ज्याखाली खरेदी होणार नाही असा आधी जाहीर केलेला भाव, आणि दुसरी, सरकारी विक्रीत नफा झाला तर त्यातला वाटा अतिरिक्त भाव म्हणून परत. ज्या वर्षी भाव कोसळले त्या वर्षी या योजनेने अनेकांची घरे वाचवली, हे तिच्या कट्टर विरोधकालाही नाकारता येत नाही.

योजनेतला बिघाड मात्र कापसाच्या गाडीशी उभे राहिल्यावर दिसत असे. केंद्राच्या दारात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग रात्र रात्र थांबलेली असे. ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढी, अंगठ्याच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी अजमावी, पाचोळा आणि पिवळी कवडी पाही आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे वळे. प्रतवारी म्हणजे मालाच्या दर्जानुसार त्याचा भाव ठरवणे; ती एका माणसाच्या हातात दिली, आणि त्या माणसाला दुसरा पर्याय नसलेल्या विक्रेत्यासमोर बसवले, की स्वच्छ वेचलेला कापूस आणि पाचोळ्यासकट ओरबाडलेला कापूस यांतले अंतर हळूहळू पुसट होते. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हाती पडायला महिने लागत, आणि भाव ठरवताना रुईच्या बाजारापेक्षा निवडणुकीचा हिशेब अधिक पाहिला जाऊ लागल्यावर तोटा फुगत गेला. उमेद गेली ती इथे, आणि ती कष्टाची उमेद नव्हती. चांगला माल करण्याची होती.

ज्या वर्षी बाहेर भाव चढे त्या वर्षी शिरपूर तालुक्यातला कापूस पळासनेर ओलांडून सेंधव्याला, रावेरचा बऱ्हाणपूरला आणि नवापूरच्या बाजूचा गुजरातेत जाई. कायद्याच्या भाषेत ही तस्करी होती, आणि स्वतःच्या वावरातले पीक स्वतः विकणाऱ्याला चोर ठरवणारा कायदा लोकांच्या गळी उतरत नाही. उलट बाहेर भाव पडला की परराज्यातला कापूस गुपचूप आत येई. शरद जोशी आणि त्यांच्या शेतकरी संघटनेने मागितलेले स्वातंत्र्य नेमके हेच होते, की माल कोठेही विकता यावा. आणि 2002 च्या सुमारास एकाधिकार सैल होऊन खासगी खरेदीला वाट मिळाली.

मात्र एवढ्यावरून समाजवाद हरला असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण त्याच 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना वाढली आणि तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला सरकारने काम द्यायचे, पण कामावर यायलाच हवे अशी सक्ती कोणावर नाही. शिवाय खोदलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी, म्हणजे जास्त खणेल त्याला जास्त. शहाद्याकडे, जो तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होता, अंबरसिंग सुरतवंती यांनी उठवलेल्या आणि 1972 मध्ये श्रमिक संघटनेच्या रूपाने उभ्या राहिलेल्या आदिवासी चळवळीचा एक मोठा प्रश्न सालदारीचा होता. सालदारी म्हणजे वर्षभराच्या ठरावीक मोबदल्यावर, उचलीच्या फासात, एकाच मालकाकडे राबणे. अशा माणसाला हमीच्या कामाने जे दिले ते सरकारी खिरापत म्हणून मोजणे चूक आहे. त्याला मालकाला ‘नाही’ म्हणता येऊ लागले, आणि स्वातंत्र्याचा याहून रोकडा अर्थ सापडणे कठीण. एका योजनेत आधाराबरोबर सक्ती बांधली होती, दुसरीत नव्हती. खानदेशाने पहिली फेकली ती सक्तीमुळे, आधारामुळे नव्हे. आज तोच शेतकरी भाव पडला की सरकारी खरेदी केंद्र लवकर उघडा म्हणून मोर्चा काढतो, यात विसंगती पाहणारे शहरी लेख वाचून थोडे हसू येते.

कामाच्या उमेदीचा, म्हणजे वैयक्तिक प्रेरणेचा, तुझा मुद्दा राहिला. वेचणीला जाणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते; कमरेला ओटी बांधून ती उन्हे चढण्याआधी सरीत शिरते, बोंडाच्या टोकदार काट्यांनी नखांच्या कडा फाटतात, आणि संध्याकाळी गाठोडे काट्याला टांगल्यावर जेवढे भरेल तेवढेच तिचे. प्रेरणा इतकी चोख दुसऱ्या कोणत्याही धंद्यात सापडणार नाही. स्वातंत्र्य मात्र तिला तेवढेच, जेवढे दुसऱ्या वावरात दुसरा दर असेल. आणि एकाधिकाराच्या बाजूने किंवा विरुद्ध झालेल्या वादात तिचा दर क्वचितच चर्चेला आला.

म्हणून पुढच्या पत्रात सिद्धांत थोडा कमी आणि तुमच्या गावातला यंदाचा वेचणीचा दर, किलोला किती आणि तो कोणी ठरवला, एवढे मात्र चौकशी करून कळवावे.

मामा