शार्क आणि आगपेटी

जेम्स एम. केनच्या 'डबल इन्डेम्निटी' या कादंबरीची शेवटची पानं अंगावर काटा आणतात. दक्षिणेकडे निघालेल्या आगबोटीवर फिलिस चेहरा रंगवतेय. खडूसारखा पांढराफटक रंग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, ओठ लाल, अंगाभोवती लाल रेशीम. मरणाशी लग्न लावायचंय, त्याचा हा शृंगार. बोटीमागून शार्क येतोय आणि विमा एजंट वॉल्टर हफ शेवटच्या ओळी खरडतोय. दोघं मिळून उडी मारणार. तिच्या नवऱ्याचा काटा काढून अपघात विम्याची दुप्पट रक्कम लाटायला निघालेली ही जोडी. तिला सोडलं कोणी? खुद्द विमा कंपनीनं! क्लेम तपासणाऱ्या कीजला सगळं कळलंय, पण खटला उभा राहिला तर कंपनीची अब्रू चव्हाट्यावर येणार. मग तोच पळायची सोय करतो. खुनापेक्षा हा हिशेबीपणा मला जास्त गारठवतो.

कादंबरी १९३६ साली 'लिबर्टी' साप्ताहिकात क्रमशः आली. हॉलिवूडला ती हवी होती, पण तिथली सेन्सॉरची नियमावली, प्रॉडक्शन कोड, आडवी आली. अखेर १९४४ साली बिली वाइल्डरनं रेमंड चँडलरला हाताशी धरून चित्रपट केला. गुन्हेगारांनी जीव देऊन कायद्याच्या हातावर तुरी द्यायची, हे कोडला खपण्यासारखं नव्हतं. म्हणून काही जण म्हणतात, शेवट सेन्सॉरनं बदलला. मला हे अर्धंच पटतं. कोडला शिक्षा हवी होती, आणि वाइल्डरनं ती चित्रितही केली होती: गॅस चेंबर, आत हफच्या भूमिकेतला फ्रेड मॅकमरे, काचेबाहेर कीजच्या भूमिकेतला एडवर्ड जी. रॉबिन्सन. एवढा खर्चिक सेट उभारून घेतलेलं ते दृश्य त्यानं स्वतःच कापलं. गोष्ट त्याआधीच, कचेरीच्या दारात संपली होती.

चित्रपटभर कीज सिगार तोंडात धरून खिसे चाचपत राहतो. काडी सापडत नाही. नेफ (पडद्यावर हफचं हे नाव) अंगठ्याच्या नखावर काडी ओढून सिगार पेटवून देतो. शेवटी फिलिसची गोळी लागलेला, तिलाही मारून आलेला नेफ डिक्टाफोनवर कबुली देतो, सरहद्द गाठू म्हणतो आणि दारातच कोसळतो. ओठांत सिगारेट, पण काडी ओढायचं त्राण नाही. कीज ती त्याच्या हातून घेतो आणि पेटवतो. कादंबरीतल्या कीजनं वाट मोकळी करून पाठ फिरवली होती. पडद्यावरचा कीज नेफला पोलिसांच्या हवाली करणार आहे, तरी खाली वाकून शेजारी बसतो. नवरा-बायको-प्रियकराची गोष्ट या दोन पुरुषांपाशी येऊन थांबते, आणि फिलिसची आठवणसुद्धा होत नाही.

केनला चित्रपट आवडला. त्यातल्या काही गोष्टी आपल्याला सुचायला हव्या होत्या, असं तो म्हणे. लेखक मंडळी सहसा इतकी उदार नसतात! पण डिक्टाफोनचा फरक खरंच मोठा आहे. हफ बोटीवर ती शेवटची पानं नेमकी कोणासाठी लिहितो, कळत नाही. नेफ पहिल्या वाक्यापासून कीजशी बोलतोय.